एकच पान, अनेक रूपे : वेबपृष्ठांच्या मांडणीतील विसंगतीचा इतिहास

छापील पुस्तकाचे एक वैशिष्ट्य आपण इतके गृहीत धरलेले असते, की त्याची दखलही घेत नाही. मुद्रकाने ज्या रूपात पान छापले, त्याच रूपात ते मुंबईच्या वाचकापुढे येते आणि गडचिरोलीच्या वाचकापुढेही येते. वाचकाचा चष्मा बदलला म्हणून ओळी खाली सरकत नाहीत आणि चित्र मजकुरावर चढत नाही. इंटरनेटवरील पानाला मात्र ही शाश्वती जन्मतः लाभली नव्हती. १९९५ ते २००५ या दशकात एकच वेबपृष्ठ एका संगणकावर नीटनेटके, दुसऱ्यावर विस्कटलेले आणि तिसऱ्यावर चक्क कोरे दिसत असे. आज आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलवर पाने बहुधा व्यवस्थित उघडतात. त्यामागे पंधरा-वीस वर्षांचा एक वाद, एक शर्यत आणि अखेरीस झालेले एकमत आहे. तंत्रज्ञानाच्या या छोट्याशा प्रकरणातून ज्ञान कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापाशी अडते, हा मोठा प्रश्न उलगडतो. म्हणून त्याचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

पान नेमके कोठे तयार होते?

प्रथम एक मूलभूत गोष्ट समजून घेऊ. संकेतस्थळाकडून आपल्या संगणकावर तयार पान येतच नाही. येतो तो मजकूर आणि त्यासोबत काही सूचना : हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, येथे चित्र आहे. या सूचनांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. सूचना वाचून पान प्रत्यक्ष जुळवण्याचे काम वाचकाच्या संगणकातील ब्राउझर करतो. मराठीत त्याला न्याहाळक असेही नाव रूढ झाले आहे. म्हणजे छापखान्यातील जुळाऱ्याचे काम येथे वाचकाच्या घरी होते. जुळारी वेगवेगळे असले आणि प्रत्येकाने सूचनांचा अर्थ आपापल्या समजुतीने लावला, तर पानाची रूपेही वेगवेगळी होणार, हे उघड आहे.

ही रचना मुळात उदार हेतूने केलेली होती. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. तेथे निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ निरनिराळ्या जातीचे संगणक वापरत, आणि एकाचे कागदपत्र दुसऱ्याला वाचता येत नसे. कोणत्याही यंत्रावर वाचता येईल असे पान हवे, म्हणून त्यात केवळ मजकुराचा आशय आणि रचना सांगायची, दिसण्याचा निर्णय यंत्रावर सोडायचा, असे ठरले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. यंत्रायंत्रांतील भेद मिटवण्यासाठीच वेबचा जन्म झाला होता. पुढे त्याच वेबवर भेदाच्या नव्या भिंती उभ्या राहिल्या.

नियमाआधी आलेली शर्यत

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणन केंद्रात मार्क आंद्रेसन आणि एरिक बिना यांनी मोझेक हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या ओघातच चित्र दाखवण्याच्या सोयीमुळे तो झपाट्याने लोकप्रिय झाला. आंद्रेसन यांनी पुढे जिम क्लार्क यांच्यासह कंपनी स्थापली आणि डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला. येथून दोन बलाढ्य कंपन्यांची स्पर्धा सुरू झाली.

नियम ठरवणारी संस्था अस्तित्वात नव्हती असे नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ऑक्टोबर १९९४ मध्येच स्थापन झाली होती. पण नियमांचा मसुदा, चर्चा आणि संमती यांना वेळ लागतो, आणि बाजाराला तेवढा धीर नसतो. नेटस्केपने अक्षरांचा रंग व आकार सांगणाऱ्या, मजकूर मध्यभागी आणणाऱ्या, इतकेच नव्हे तर तो लुकलुकवणाऱ्याही सूचना स्वतःच्या अधिकारात भाषेत घातल्या. मायक्रोसॉफ्टने उत्तरादाखल पडद्यावरून सरकत जाणारा मजकूर आणला. एकाची सूचना दुसऱ्याला कळत नसे. न कळलेली सूचना ब्राउझर निमूटपणे गाळून टाकी. पण ज्या पानाची सारी मांडणी त्या सूचनेवर बेतलेली असे, ते पान कोसळे.

या काळातील एक गंमत आजही टिकून आहे. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपले नाव सांगतो. नेटस्केप स्वतःला 'मोझिला' म्हणवी. पानाचे चौकटींत भाग पाडण्याची सोय नेटस्केपने आणली, तेव्हा अनेक संकेतस्थळे 'मोझिला' असे नाव सांगणाऱ्यालाच चांगले पान देऊ लागली. इतरांना साधे पान मिळे. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही आपले नाव 'मोझिला' असेच सांगायला सुरुवात केली आणि कंसात खरी ओळख जोडली. पुढे आलेल्या जवळपास प्रत्येक ब्राउझरने हाच मार्ग धरला. आजचा क्रोमसुद्धा आपली ओळख 'मोझिला' या शब्दाने सुरू करतो. दारावर नाव विचारून आत घेण्याची पद्धत पडली, की नाव बदलून आत शिरण्याची पद्धतही पडतेच.

कोष्टकांची कसरत

वर्तमानपत्रासारखे दोन-तीन स्तंभ पाडण्याची सोय आरंभीच्या एचटीएमएलमध्ये नव्हती. होते ते आकडेवारी मांडण्यासाठीचे कोष्टक. पाने सजवणाऱ्यांनी त्याचाच आधार घेतला. एका खणात अनुक्रमणिका, दुसऱ्यात मजकूर, त्यात पुन्हा कोष्टक, त्याच्या पोटात आणखी एक. रिकामी जागा राखण्यासाठी एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र घेऊन ते हवे तेवढे ताणले जाई. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने ही युक्ती सर्वदूर पोहोचवली.

युक्ती चालली, पण महाग पडली. कोष्टक संपल्याची खूण लिहायची राहिली, तर इंटरनेट एक्सप्लोरर ती चूक पोटात घालून पान दाखवी. नेटस्केपमध्ये मात्र ते कोष्टक दिसतच नसे. सारे पानच कोष्टकात असल्याने वाचकापुढे कोरा पडदा येई. पान तयार करणाऱ्याने एकाच ब्राउझरमध्ये तपासले असेल, तर त्याला याची गंधवार्ताही नसे. याहून गंभीर अडचण दृष्टिहीन वाचकांची होती. त्यांच्यासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावली कोष्टकातील खण क्रमाने वाचत जात. त्यामुळे अनुक्रमणिका, जाहिरात आणि लेख यांचे तुकडे एकमेकांत मिसळून कानावर पडत.

रुंदी म्हणजे काय?

आशय एकीकडे आणि सजावट दुसरीकडे ठेवावी, हा या गोंधळावरचा खरा उपाय होता. हॉकन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकाची, म्हणजे सीएसएसची, कल्पना मांडली. बर्ट बॉस यांच्यासह त्यांनी ती विकसित केली आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. नियम आता कागदावर आले होते. तरी घोळ संपला नाही, कारण नियमाचा अर्थ प्रत्येकाने निराळा लावला. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'रुंदी' या साध्या शब्दाचे.

भिंतीवर टांगलेल्या तसबिरीची कल्पना करा. मध्ये चित्र, भोवती कोरी पट्टी आणि बाहेर लाकडी चौकट. 'तसबिरीची रुंदी ३००' असे म्हटले, तर ती केवळ चित्राची की चौकटीसह सगळ्याची? सीएसएसच्या नियमानुसार रुंदी म्हणजे आतल्या मजकुराची. कोरी जागा आणि कड तिच्यात मिळवायची. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मात्र रुंदी म्हणजे कडेसह सगळ्याची असे मानले जाई. समजा रुंदी ३०० बिंदू, दोन्ही बाजूंना २० बिंदू कोरी जागा आणि ५ बिंदूंची कड आहे. नियमाप्रमाणे एकूण जागा ३५० बिंदू होते; एक्सप्लोररच्या हिशेबाने ती ३०० च राहते आणि मजकुराला आत २५० बिंदू मिळतात.

पन्नास बिंदूंचा हा फरक किरकोळ वाटेल, पण परिणाम किरकोळ नव्हता. ७६० बिंदू रुंदीच्या पानात २०० आणि ५६० असे दोन स्तंभ शेजारी बसवले आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना १० बिंदू कोरी जागा ठेवली, तर एक्सप्लोररमध्ये ते अचूक बसत. नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये मात्र बेरीज ८०० होई, जागा पुरत नसे आणि उजवा स्तंभ थेट डाव्याच्या खाली जाऊन पडे. नियम पाळणाराच वाचकाला दोषी वाटे, ही या प्रकरणातील विपरीत गोष्ट होती.

त्रुटीच्या आधारे त्रुटीवर मात

नेटस्केपची चौथी आवृत्ती जून १९९७ मध्ये आली. तिचे दोष तर आणखी विचित्र होते. वाचकाने खिडकीचा आकार बदलला, की पानाची सजावट नाहीशी होई. म्हणून आकार बदलताच पान पुन्हा मागवणारी छोटी आज्ञावली प्रत्येक पानात घालावी लागे. ऑगस्ट २००१ मध्ये आलेल्या एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत डावीकडे तरंगत्या ठेवलेल्या भागाचा डावा समास दुप्पट होई. १० सांगितले तर २० मिळत. त्यावरचा उपाय म्हणजे त्या भागाला आणखी एक सूचना द्यायची, जी नियमानुसार तेथे पूर्णपणे निष्प्रभ असायला हवी होती. तिने दोष मात्र दूर होई.

रुंदीच्या वादावर टँटेक चेलिक यांनी शोधलेली तोड याहून चतुर होती. शैलीपत्रकात एक असे वाक्य घालायचे, की ते एक्सप्लोरर ५ चुकीचे वाचेल आणि सूचना तेथेच संपली असे समजून थांबेल. त्याच्या आधी त्याच्या हिशेबाची रुंदी, त्याच्यानंतर नियमाप्रमाणे खरी रुंदी. योग्य वाचणारा ब्राउझर पुढे जाऊन खरी रुंदी उचलतो. अशा युक्त्यांची एक मोठी गंगाजळीच जमा झाली. पण युक्तीवर उभे राहिलेले पान दुबळे असते. ब्राउझरची पुढची आवृत्ती आली आणि त्यातला एखादा दोष दुरुस्त झाला, की त्या दोषाच्या आधाराने उभे राहिलेले पान पुन्हा मोडत असे.

याच कारणाने ब्राउझर सुधारणेही अवघड होऊन बसले. चुकीच्या हिशेबावर बेतलेली असंख्य जुनी पाने जगभर होती. ब्राउझर अचानक नियमाने वागू लागला, तर ती सारी विस्कटणार. यावरचा तोडगा मार्च २००० मध्ये मॅकिंटॉशसाठीच्या एक्सप्लोरर ५ मध्ये प्रत्यक्षात आला. पानाच्या माथ्यावर आपण कोणता नियम पाळतो हे सांगणारी एक ओळ असेल, तर ब्राउझरने काटेकोर नियमाने वागावे. ती नसेल, तर जुन्या सवयीने वागावे. एका ओळीने जुन्याचे रक्षण झाले आणि नव्याचा मार्गही मोकळा झाला. आजचे ब्राउझर अजूनही हीच दुहेरी व्यवस्था पाळतात.

किंमत कोणी मोजली?

अनेक संकेतस्थळांनी सोपी वाट पत्करली. पानाच्या तळाशी एक पाटी लावायची : हे पान अमुक ब्राउझरमध्ये, अमुक आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसेल. बर्नर्स-ली यांनी १९९६ मध्येच या पाट्यांवर टीका केली होती. दुसऱ्या संगणकावरचे कागदपत्र वाचता येत नसे, त्या वेबपूर्व दिवसांकडे या पाट्या आपल्याला मागे नेत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाटीचा सौम्य शब्द बाजूला ठेवला, तर तिचा अर्थ इतकाच होता, की अमुक वस्तू ज्याच्यापाशी नाही त्याने येथे येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

१९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ उभी राहिली. जॉर्ज ओल्सेन, ग्लेन डेव्हिस आणि जेफ्री झेल्डमन हे तिचे संस्थापक. ब्राउझरांतील विसंगतीमुळे संकेतस्थळ उभारणीचा खर्च किमान २५ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. मोठ्या कंपनीला हा खर्च परवडे. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्या लहान संस्था, शाळा आणि ग्रंथालये एकाच ब्राउझरपुरते पान करून थांबत. म्हणजे अखेरची किंमत जुना संगणक वापरणाऱ्या, निराळी प्रणाली वापरणाऱ्या किंवा डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या वाचकानेच मोजली.

मराठीची दुहेरी अडचण

इंग्रजी वाचकापुढे पान विस्कटून येई; मराठी वाचकापुढे अक्षरेच येत नसत. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : एका क्रमांकावर अर्धा 'स', दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर रफार. प्रत्येक टंकाचा क्रम वेगळा. तोच टंक वाचकाकडे नसेल, तर मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा अर्थहीन सडा दिसे. पानासोबत टंक आपोआप पाठवण्याची सोय दोन्ही कंपन्यांनी केली, पण दोन निराळ्या पद्धतींनी. नेटस्केपच्या पुढच्या पिढीने आपली पद्धत सोडून दिली, आणि अशी मराठी पाने जवळजवळ इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच उरली.

युनिकोडने या प्रश्नाच्या मुळावर उपाय केला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो; 'क'चा क्रमांक २३२५, मग टंक कोणताही असो. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत होता. पण क्रमांक ठरणे वेगळे आणि अक्षर नीट जुळणे वेगळे. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी साठवली जाते, दिसायला मात्र वेलांटी आधी हवी. हे ज्याला कळत नसे तो ब्राउझर वेलांटी उजवीकडेच टाकून मोकळा होई. विंडोज २००० मध्ये ही जुळणी करण्याची क्षमता आणि मंगल हा टंक आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच पायावर.

मराठीचा खास प्रश्न ऱ्याचा. 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' या जोड्यांत अर्थाचा केवढा फरक आहे, हे मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, आणि जुन्या ब्राउझरांपैकी काहींना त्यातला एक प्रकार समजत नसे. मग स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना दिलेले निमंत्रण पडद्यावर विद्वान आचार्यांना गेलेले दिसे. स्तंभ खाली पडला तर वाचक वैतागतो. अक्षर बदलले तर त्याची फसगत होते.

एकमताचा मार्ग

ही कोंडी फुटली ती कोणा एका कंपनीच्या विजयाने नव्हे. २००० नंतरच्या काही वर्षांत एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक झाला, आणि नेमक्या त्याच काळात सुधारणा थांबली. सहावी आवृत्ती २००१ ची, सातवी थेट ऑक्टोबर २००६ ची. प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा दोष दुरुस्त करण्याची निकडही उरली नाही. दरम्यान नेटस्केपच्या खुल्या झालेल्या आज्ञावलीतून फायरफॉक्स उभा राहिला. त्याची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ची.

निर्णायक ठरल्या त्या उघड कसोट्या. एप्रिल २००५ मध्ये 'ॲसिड २' नावाची चाचणी जाहीर झाली. नियम नीट पाळले तर पडद्यावर हसरा चेहरा उमटे, नाही तर विद्रूप ठिगळे. कोणीही सामान्य वाचक ती करून पाहू शके, त्यामुळे कंपन्यांचे दावे तपासण्याची सत्ता लोकांच्या हाती आली. मार्च २००९ मधील एक्सप्लोरर ८ ही कसोटी उतरला. पुढे एचटीएमएल ५ ने आणखी एक शहाणपण दाखवले : लेखकाच्या चुका कशा हाताळायच्या, याचाही नियम केला. माणसे चुकणारच, निदान त्या चुकीचा अर्थ सर्वत्र सारखा लागावा.

आणि रुंदीच्या वादाचे काय झाले? अनुभवांती एक्सप्लोररची जुनी मोजणी कामाला सोयीची आहे, हे अनेकांना पटले, आणि सीएसएसने तिला अधिकृत पर्याय म्हणून स्थान दिले. आज असंख्य संकेतस्थळे तीच वापरतात. यातला बोध महत्त्वाचा आहे. एक्सप्लोररची कल्पना वाईट नव्हती. ती इतरांच्या संमतीविना एकट्याने राबवणे वाईट होते. कोणता नियम निवडला यापेक्षा तो सर्वांनी मिळून निवडला आणि सर्वांनी पाळला, हे अधिक मोलाचे असते. सीएसएसची पहिली आवृत्ती एका ब्राउझरमध्ये जवळपास पूर्णपणे उतरायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला होता. पानाची जाळीदार मांडणी करणारी नवी पद्धत मात्र मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत आली. एकमताचे हे फळ.

आपल्यासाठी काय?

जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्ती मिळाली. त्याच्यापुरती तयार केलेली पाने मात्र तशीच मागे राहिली. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी हानी आहे. मोडी वाचणारे आज थोडे आहेत, तरी मोडी शिकता येते. हरवलेल्या टंकाचा क्रम कोठे नोंदलेलाच नसेल, तर वीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर कोणी आणि कसा वाचावा? हा प्रश्न केवळ संकेतस्थळांचा नाही. संस्थांच्या जुन्या स्मरणिका, अहवाल, विद्यार्थ्यांचे लेख अशाच टंकांत जुळवलेले आहेत आणि जुन्या संगणकांत पडून आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना काही विनंत्या. आपल्या संग्रहातील जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. रफार, ऱ्या आणि जोडाक्षरे येथेच चुका अधिक होतात. मूळ फाइलसोबत टंकाचे नाव आणि शक्य असल्यास तो टंकही जपावा. मजकूर चित्ररूपात टाकण्यापेक्षा अक्षररूपात ठेवावा, म्हणजे तो शोधता येईल आणि दृष्टिहीन वाचकाला ऐकताही येईल. आपल्यापैकी जे संगणकक्षेत्रात आहेत, त्यांनी आपले काम एकाच ब्राउझरमध्ये पाहून समाधान मानू नये. स्वस्त मोबाइलवर, मंद जोडणीवर, जुन्या यंत्रावरही ते उघडून पाहावे. आज बहुसंख्य ब्राउझर पुन्हा एकाच कंपनीच्या पुढाकाराने चालणाऱ्या यंत्रणेवर उभे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० मध्ये तीच स्वीकारली. त्यामुळे ही दक्षता कालबाह्य झालेली नाही.

पान कोणासाठी लिहिले आहे, याचे उत्तर 'सर्वांसाठी' असे असेल, तर ते सर्वांपुढे नीट उमटते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. वाचकाने त्यासाठी यंत्र बदलावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.